प्लॅस्टिकघरातला मासा आला कुठून?



कमानीच्या प्लॅस्टिकघरात खाली माशांची टाकी, वर भाजीपाला नाहीतर केळी-पपई, एका पाण्यावर दोन उत्पन्ने, अशी योजना हल्ली पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीसारख्या गावी केळी, पपई आणि ऊस ही ओळखीची पिके. तिथे हा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो कर्जाचा. पॉलिहाऊसचा खर्च लाखांत जातो, तो करावा का? म्हणून ही जोडी कुणी जमवली, आणि कोणत्या अडचणीपोटी जमवली, ते आधी पाहू. त्यांची अडचण आपलीही असेल तरच त्यांचा उपाय आपल्याला लागू पडेल.

मासा आणि पीक एकत्र आणणे ही काही नवी गोष्ट नाही. आपली पपई मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर इकडे आली. त्याच मेक्सिकोत उथळ तलावात मातीचे लांबट वाफे उभारून शेती करीत, त्यांना चिनाम्पा म्हणतात. दोन वाफ्यांमधल्या चरांत मासे, आणि चरातला गाळ उपसून वाफ्यावर. मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्को येथे असे वाफे आजही पाहायला मिळतात.

चीनमध्ये पर्ल नदीच्या खोऱ्यातली पद्धत तर आपल्या पिकांच्या फार जवळची आहे. तिथे सखल जमीन खणून तळी केली आणि निघालेल्या मातीचे रुंद बांध घातले. बांधावर आधी लिची, केळीसारखी फळझाडे, पुढे तुती, आणि काही भागात ऊस. तुतीचा पाला रेशीमकिड्यांना, किड्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना, आणि तळ्याचा गाळ पुन्हा बांधावर. बाहेरचे खत विकत घेण्याची गरज फार थोडी. आपल्याकडे गोव्याच्या खाजण जमिनीही अशाच. खाडीच्या काठी बांध घालून, पाण्याची ये-जा ‘मानस’ नावाच्या दारांनी सांभाळून, पावसाळ्यात खारटपणा सोसणारे कोरगूट भात घेत आणि भात निघाल्यावर त्याच शेतात मासळी व कोळंबी. बांध आणि दारे सांभाळण्याची जबाबदारी गावकरी संस्थेची. आता बघा, या तिन्ही ठिकाणी छप्पर कुठेच नव्हते.

माशाच्या पाण्याने पीक का वाढते याचा उलगडा मात्र उशिरा झाला. मासा अमोनिया बाहेर टाकतो, आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे. अमोनिया साठला तर मासाच मरतो. पण पाण्यात आणि मातीत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे पिकाला घेता येणारे नत्र. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्‌स्की यांनी हे जिवाणू 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

आता प्लॅस्टिककडे येऊ. पॉलिथिन सापडले 1933 साली, इंग्लंडमधल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत. 1948 च्या सुमारास अमेरिकेत केंटकी विद्यापीठाचे एमरी मायर्स एमर्ट यांना थंडीत भाजी वाढवण्यासाठी काचघर हवे होते, पण काच परवडेना. त्यांनी लाकडी सांगाड्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा ताणला. जगभरच्या पॉलिहाऊसची सुरुवात इथली मानतात, आणि तिचे कारण होते थंडी.

मासा या घरात शिरला तोही थंडीमुळेच. 1969 साली जॉन टॉड, नॅन्सी टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी यांनी न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. तिचे प्रयोग अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, केप कॉड येथे चालत. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. 1976 साली त्यांनी ‘आर्क’ नावाचे मोठे हरितगृह पुरे केले. आत सुमारे पाच फूट उंचीच्या आणि तेवढ्याच रुंदीच्या, उजेड आरपार जाईल अशा फायबरच्या टाक्या ठेवल्या, त्यात टिळापिया मासा सोडला आणि शेजारी भाजीपाला लावला. दिवसा उन्हाने टाक्यांचे पाणी तापे, रात्री तेच पाणी हळूहळू ऊब सोडी. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने निवताना जी ऊब सोडते, तिच्यात तीन घनमीटरांहून जास्त हवा एक अंशाने तापते. म्हणजे ती टाकी आधी शेगडी होती आणि मग माशांचे घर. संस्था 1991 साली बंद झाली, पण प्लॅस्टिकघरातला मासा लोकांच्या मनात राहिला.

याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी 1980 पासून पुढची कित्येक वर्षे मासा आणि भाजी यांच्या जोडीवर काम केले. बेट उष्ण. त्यांनी टाक्या आणि वाफे उघड्यावर मांडले, थंडीसाठी प्लॅस्टिकघर केले नाही. पालेभाजीच्या तरंगत्या वाफ्याला दर चौरस मीटरमागे रोज 60 ते 100 ग्रॅम मत्स्यखाद्य माशांना घालावे, हे प्रमाण त्यांच्या कामातून आले. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. माशाच्या पाण्यात नत्र भरपूर, पण पालाश, कॅल्शियम आणि लोह अपुरे. ते वरून घालावे लागले. केळी घेणाऱ्याने हे नीट ध्यानात ठेवावे. आपल्याकडे केळीच्या एका झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. माशाच्या पाण्यावर पोसतो म्हणून पालाश बंद केला तर घड हलका भरेल.

मग आपली अडचण कोणती? थंडी आपल्याकडे नाही असे नव्हे. अक्कलकुव्याच्या डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत केळीची वाढ अडते. पण हे थोडे आठवडे. उन्हाळा मात्र लांबलचक. मे महिन्यात बाहेरच 42 अंशांच्या वर जाते, बंद प्लॅस्टिकखाली त्याहून जास्त. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 35 अंशांना जेमतेम 7. टाकीत दाटीने मासे, रात्री वीज गेली, हवेचा पंप थांबला, तर सकाळी सगळे मासे वर तरंगताना दिसतील. उघड्या शेततळ्यात पाणी जास्त आणि दाटी कमी, त्यामुळे धोका पुष्कळ कमी. माझे मत स्पष्ट आहे: फक्त माशासाठी किंवा केळी-पपईसाठी पॉलिहाऊसचे कर्ज काढू नये. रोपवाटिका किंवा महागड्या भाज्या-फुलांचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडची जोडी जमली ती शेततळ्यात, आणि तिच्यामागे दोन घटना आहेत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून तळ्यातच अंडी घालवून घेतली. तोवर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पुरात नदीतून धरावे लागे. दुसरी घटना आपल्या राज्यातली: 2016 ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना, 30 बाय 30 बाय 3 मीटरपर्यंतचे तळे आणि 50 हजार रुपयांपर्यंत अनुदान. टिळापिया मासा 1952 साली देशात आणला गेला, पण तो बेसुमार वाढून इतर माशांना त्रासदायक ठरतो म्हणून 1959 साली त्याच्या प्रसारावर बंदी आली. आता तो परवानगीने, ठरलेल्या अटींवरच पाळता येतो. तेव्हा कुणी बीज आणून दिले म्हणून सोडून देऊ नये. पहिल्यांदा करणाऱ्याला रोहू-कटला बरा.

शेततळ्यातली खरी ओढाताण उन्हाळ्यात होते. केळीला पाणी सर्वांत जास्त लागते तेव्हाच माशालाही खोली हवी असते. म्हणून बोटुकली पावसाळ्यात, तळे भरल्यावर सोडावी, आणि विकण्याजोगा मासा एप्रिलपूर्वी काढून घ्यावा. पाच फुटांखाली पाणी जाऊ लागले तर मासा काढायची वेळ झाली असे समजावे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे आणि ताजे पाणी सोडावे. ठिबकला पाणी देताना फिल्टर रोज धुवावा, शेवाळाने तो लवकर तुंबतो. साधे मातीचे तळे असेल तर आटल्यावर गाळ काढून केळीच्या आळ्यात टाकावा. प्लॅस्टिक अंथरलेले असेल तर फावडे लावू नये, तळाशी साचलेला मळ पाण्याबरोबर पंपाने उपसून सरीत सोडावा.