जिवाणूच्या अंगावरचे प्रथिन

* जिवाणूच्या अंगावर परके प्रथिन आणण्याचे काम लेखक एका वाक्यात उरकतात, पण अडचण नेमकी इथेच होती. ई. कोलाय या जिवाणूला दोन पटले असतात. आत घडलेले परके प्रथिन बाहेर दिसायचे तर दोन्ही ओलांडायला हवीत, आणि ओलांडल्यावर ते निसटूनही चालत नाही. टेक्सास विद्यापीठात जॉर्ज जॉर्जिऊ व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जोडकाम केले : जिवाणूच्याच लिपोप्रोटीनचा आरंभीचा तुकडा, त्याला ओएमपीए या बाह्यपटलातील प्रथिनाचा काही भाग, आणि शेवटी हवे ते प्रथिन, त्यांनी बीटा-लॅक्टमेज हे विकर घेतले होते. पहिला तुकडा बाह्यपटलाशी नेऊन खिळवतो, दुसरा त्यातून बाहेर काढतो. प्रथिन फार मोठे असेल तर ते वाटेतच अडकते, कधी पेशीही आजारी पडते. लेखकांचा उत्साह त्या मानाने जरा जास्तच. खरा लाभ निवडीचा आहे. पेशीच्या पोटात जनुक, अंगावर त्याचेच प्रथिन. त्यामुळे चमकणारे रेणू ज्यांना चिकटतील त्या पेशी यंत्राने वेगळ्या काढता येतात. लेखाच्या पुढच्या परिच्छेदातला ‘फाज डिस्प्ले’ मात्र वेगळा : तो विषाणूंवरचा, जॉर्ज स्मिथ यांचा, १९८५ चा. त्यासाठी त्यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. – संपा.