सोबत बसणाऱ्याची तब्येत

आज सभागृहात बसलेल्यांपैकी काही जण मधूनमधून घड्याळ बघतील, आणि आम्ही त्याचा राग धरणार नाही. घरी अंथरुणाला खिळलेली आई असेल, स्मृतिभ्रंश झालेले वडील असतील, स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ असेल, आणि शेजारच्या काकूंना तासभर बसवून तुम्ही आला असाल. आजचा विषय तुमचाच आहे. सांभाळणाऱ्याची स्वतःची तब्येत हा एक प्रश्न आहे, हे जगाला कधी दिसलं? फार उशिरा. जेमतेम साठ-सत्तर वर्षांपूर्वी.

आधी शब्द बघू. आई, बायको, सून, मुलगी हे नात्यांचे शब्द आपल्याकडे भरपूर. पण 'सांभाळण्याचं काम करणारी व्यक्ती' यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द नव्हता. 'काळजीवाहू' म्हटलं की आपल्याला मुख्यमंत्रीच आठवतो! इंग्रजीतला 'केअरर'सुद्धा या अर्थाने रुळला तो १९७०-८० च्या आसपास. आपल्याकडच्या काही स्वमदत गटांनी रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायला सुरुवात केली, ती तर अलीकडची गोष्ट. ज्याला नाव नाही, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

आता अमृतसरला जाऊ. फाळणीनंतर, १९५० साली, भारत आणि पाकिस्तान यांच्यात मनोरुग्णांचीही अदलाबदल झाली. मंटोच्या 'टोबा टेक सिंह'मुळे ती आपल्याला ठाऊक आहे. लाहोरहून आलेले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरच्या मनोरुग्णालयात आले. रुग्ण फार, माणसं थोडी. तिथले प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात एक वेगळंच पाऊल उचललं. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत तिथेच राहायला बोलावलं. त्या काळी जगभर रिवाज होता तो रुग्णाला घरापासून तोडण्याचा. इथे आई मुलाला भरवते आहे, बायको नवऱ्याशेजारी झोपते आहे, आणि डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून आजाराबद्दल बोलताहेत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. १९५७ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबासह उपचारांची पद्धत धरली.

ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच. पण एक खोच आहे. कुटुंबाला आत घेतलं ते परिचारिका कमी होत्या म्हणूनही. 'आपल्याकडे कुटुंब आहे ना' हे वाक्य तेव्हापासून आपल्या धोरणांत घट्ट बसलं, ते आजही हललेलं नाही. तंबूतल्या त्या आईला रात्री झोप लागत होती का, तिची पाठ दुखत होती का, हे कुणी मोजत नव्हतं. तपासणी रुग्णाची. आई ही औषधासारखी, उपचाराचा भाग.

तिला पहिल्यांदा वाचा फुटली ती इंग्लंडात, आणि तीही कुठल्या डॉक्टरमुळे नाही. मेरी वेबस्टर या चर्चमध्ये धर्मोपदेशक होत्या. १९५४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्यासाठी त्यांनी काम सोडलं. १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: अविवाहित मुली आईवडिलांसाठी नोकरी सोडतात, पैसा संपतो, एकटेपणा वाढतो. उत्तरादाखल आपलीच कहाणी सांगणाऱ्या बायकांच्या पत्रांचा ढीग पडला. १९६५ मध्ये अशा स्त्रियांची संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये मेरीबाई वारल्या, पण संघटना चालत राहिली.

१९७६ मध्ये ब्रिटिश सरकारने सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला. त्यातून विवाहित स्त्रिया वगळल्या! कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात. जॅकलिन ड्रेक या विवाहित बाई आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडून बसल्या होत्या. त्यांचा दावा लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. 'ती तशीही घरीच असते' हे वाक्य मराठीत किती घरांत बोललं जातं, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको.

मधल्या काळात आपल्याकडेही मोजमाप सुरू झालं होतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी १९८१ मध्ये मनोरुग्णाच्या कुटुंबावर पडणारा भार मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. चोवीस प्रश्न, सहा गट. पैसा, रोजचे व्यवहार, विरंगुळा, घरातले संबंध, आणि शेवटचे दोन गट म्हणजे घरातल्या इतरांची शारीरिक तब्येत आणि मानसिक तब्येत. तंबूतल्या आईला तीस वर्षांनी एक रकाना मिळाला. भारतातल्या संशोधकांनी ही प्रश्नावली पुढे खूप वापरली.

पण भार मोजणं वेगळं आणि शरीर मोजणं वेगळं. अमेरिकेत ओहायोमध्ये जेनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९५ मध्ये छापून आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया, आणि वय व उत्पन्न साधारण तेवढंच, पण असा भार नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली आणि ती कधी भरते ते पाहिलं. दुसऱ्या गटात सरासरी ३९ दिवस लागले, सांभाळणाऱ्यांच्या गटात जवळजवळ ४९. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी विचार करा, नऊ-दहा दिवस! थकवा 'मनाचा' आहे म्हणणाऱ्यांना दाखवायला हातावरची खूण मिळाली.

१९९९ मध्ये पिट्सबर्गचा एक मोठा अभ्यास आला. विषय होता जोडीदाराला सांभाळणारी म्हातारी माणसं. ज्यांना या कामाचा ताण होतो असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं, त्यांच्यात चार वर्षांत मरण येण्याचा धोका, असं काम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. मात्र जे सांभाळत होते पण ताण नाही म्हणत होते, त्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद. सेवा आणि ताण या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. मग ताण कमी कसा करायचा?

त्याचं एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात आहे. उत्तर गोव्यातल्या दोन तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या ८१ कुटुंबांवर प्रयोग केला. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरी गेले ते डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा येणारे, आठवडाभर प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते पंधरा दिवसांतून निदान एकदा, असे सहा महिने जात राहिले. हा आजार काय आहे, आजोबा रात्री का ओरडतात, अंघोळीला नकार दिला तर काय करायचं, औषधासाठी कुणाला भेटायचं, सरकारी योजनेचा अर्ज कसा करायचा, एवढंच बोलायचे. आजूबाजूच्या अशाच दुसऱ्या कुटुंबांशी गाठ घालून द्यायचे. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांची मानसिक तब्येत स्पष्टपणे सुधारली होती. रुग्णांच्या वागण्यात मात्र ठाम म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे आजोबा रात्री ओरडतच होते, पण सुनेला ते का ओरडतात हे कळलं होतं, आणि महिन्यातून दोनदा कुणीतरी 'तुमचं कसं चाललंय?' असं विचारायला दारात येत होतं.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांभाळणाऱ्याची व्याख्या आली. पगारी असो वा बिनपगारी, आईवडील आणि घरची माणसं त्यात धरली आहेत. ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजी-भत्त्याचाही उल्लेख आहे. पण तो हातात कसा पडतो, हे एका वेगळ्या व्याख्यानात बघावं लागेल.

आता प्रश्नोत्तरं. ज्यांच्या घरी काकू बसल्या आहेत, त्यांनी आधी विचारा आणि निघा. बाकीच्यांना आम्ही थोडं थांबवू.