कललापासून पसाखेपर्यंत : गर्भावस्थेचा पाली विचार

आषाढ पौर्णिमेस वर्षावासाचा आरंभ होतो. महामायेस गर्भधारणा झाली तीही ह्याच पौर्णिमेस, असे परंपरा सांगते. ह्या काळात विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाचे वाचन चालते आणि आरंभीच्या दिवसांतच श्रोत्यांसमोर महामायेच्या गर्भारपणाचा वृत्तान्त येतो. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात हे वाचन ऐकणाऱ्या उपासिकांत दिवसभर निंदण करून आलेल्या गर्भवती स्त्रियाही असतात. पोटातील मूल कसे वाढते, त्यात उणीव राहिली तर दोष कोणाचा, कोणते महिने अधिक जपावेत, हे त्यांचे प्रश्न धम्माच्या कक्षेबाहेरचे आहेत असे मानण्याचे कारण नाही. पाली वाङ्मयाने ह्या प्रश्नांचा विचार केलेला आहे. त्या विचाराचा इतिहास आणि त्यातून आज निघणारा बोध येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

संयुत्त निकायातील यक्खसंयुत्ताचा आरंभ इंदकसुत्ताने होतो. राजगृहाजवळील इंदकूट पर्वतावर इंदक नावाचा यक्ख भगवंतांना विचारतो की, रूप म्हणजे जीव नव्हे असे बुद्ध सांगतात, तर मग हे शरीर प्राणी कसे प्राप्त करतो, ही हाडे, हे यकृत येते कोठून? प्रश्नकर्त्यास बाहेरून येऊन गर्भात शिरणाऱ्या जीवाची वार्ता हवी आहे. भगवान उत्तर देतात ते शरीराच्या वाढीचे. प्रथम कलल, त्यापासून अब्बुद, त्यापासून पेसी, त्यापासून घन, घनापासून पसाखा म्हणजे अवयवांच्या शाखा आणि त्यानंतर केस व नखे. आई जे अन्न खाते, जे पाणी पिते, त्यावरच गर्भातील जीवन चालते, असे सांगून ते उत्तर संपते. आत्म्याविषयी विचारले असता तथागत मातेच्या आहारापाशी येऊन थांबतात, ही गोष्ट आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटते.

अट्ठकथाकारांनी ह्या प्रत्येक अवस्थेस एकेक सप्ताह दिला. कलल म्हणजे लोकरीच्या बारीक धाग्याच्या टोकावरील तेलाचा थेंब, घन म्हणजे कोंबडीच्या अंड्यासारखा आकार, आणि पाचव्या सप्ताहात दोन हात, दोन पाय व मस्तक ह्यांचे पाच फुगवटे, असे त्यांचे वर्णन आहे. आधुनिक गर्भविज्ञानानुसार हातांचे अंकुर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस दिसतात आणि पायांचे त्यानंतर लवकरच. हे साम्य लक्षणीय आहे. तथापि प्राचीनांना सर्वच ज्ञात होते, असा दावा करणे योग्य नव्हे. केस व नखांसाठी अट्ठकथेने बेचाळिसावा सप्ताह सांगितला आहे. प्रत्यक्षात नखांची घडण तिसऱ्या महिन्याच्या सुमारासच सुरू होते. हेच पारिभाषिक शब्द आयुर्वेदाच्या संहितांतही आढळतात, पण तेथे पिंड, पेशी व अर्बुद ह्यांवरून मूल मुलगा की मुलगी हे ओळखण्याचा प्रयत्न आहे. पाली सुत्तात तसा भेद नाही; तेथे हा केवळ वाढीचा क्रम आहे.

मज्झिम निकायातील महातण्हासंखयसुत्तात गर्भधारणेसाठी तीन गोष्टींचा संयोग सांगितला आहे : मातापित्यांचा समागम, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्बाची उपस्थिती. ह्या ‘गंधब्ब’ शब्दावरून बौद्ध धम्मातही आत्म्याचा प्रवेश मानला आहे, असे काहींचे म्हणणे असते. हेच सुत्त आरंभी काय सांगते, ह्याकडे त्यांचे दुर्लक्ष होते. साति नावाचा कोळ्याचा पुत्र असलेला भिक्खू ‘तेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावते’ असे म्हणतो आणि भगवान त्यास कठोर शब्दांत फटकारतात. विज्ञान प्रत्ययांनी उत्पन्न होते, प्रत्ययांवाचून नाही, हा त्या सुत्ताचा गाभा होय. पुढे तेच सुत्त म्हणते की, माता नऊ किंवा दहा महिने मोठ्या चिंतेने हा जड भार वाहते आणि जन्मलेल्या बालकास आपल्या रक्ताने पोसते. आर्यांच्या विनयात मातेच्या दुधास रक्तच म्हटले आहे.

ह्या विचाराचे आचरण संघात कसे झाले, हे कुमारकस्सपाच्या मातेच्या कथेवरून दिसते. ती प्रव्रजित झाल्यावर गर्भवती असल्याचे उघड झाले. देवदत्ताने चौकशी न करताच तिला घालवून दिले. भगवंतांनी हे प्रकरण विनयधर उपालीकडे सोपविले. उपालींनी विशाखा उपासिकेस पाचारण केले. विशाखेने पडद्याआड तिचे हात, पाय, नाभी व उदर तपासले, महिने व दिवस मोजले आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा असल्याचा निर्णय दिला. भिक्खुणी निर्दोष ठरली. आरोपाऐवजी तपासणी आणि तपासणीचा अधिकार अनुभवी स्त्रीकडे, ही ह्या कथेची शिकवण आहे. भिक्खुणीस मूल झाल्यास ते जाणते होईपर्यंत तिच्या सोबतीस दुसरी भिक्खुणी द्यावी, अशी तरतूदही चुल्लवग्गात आहे. ह्याच महाराष्ट्रात १८६३ साली महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून गर्भवती विधवांना आश्रय दिला, तेव्हा ह्याच करुणेस नवे रूप मिळाले.

आता गर्भावस्थेचा क्रम आजच्या ज्ञानाने पाहू. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास हा काळ सुमारे २८० दिवसांचा, म्हणजे चाळीस आठवड्यांचा होतो. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, उलटी व थकवा असतो. बाहेरून पोट दिसत नाही, पण हृदय, मेंदू, हात, पाय ह्यांची मूळ घडण ह्याच काळात होते. मेंदू व पाठीच्या कण्याचा पाया तर गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच बंदिस्त होतो. म्हणून दिवस गेल्याचे कळताच नोंदणी करावी. मधल्या तीन महिन्यांत मळमळ बहुधा ओसरते आणि पहिलटकरणीस अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळाची हालचाल जाणवू लागते. रक्ताची गरज वाढते. लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या १८० दिवस घ्याव्यात असे सरकारी आरोग्यसेवा सांगते, ते ह्यासाठीच. शेवटच्या तीन महिन्यांत पोट जड होते, धाप लागते, पाय सुजतात. मात्र हातातोंडावर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव किंवा बाळाची मंदावलेली हालचाल ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी रात्र सरण्याची वाट पाहू नये.

आषाढात दिवस गेलेली स्त्री कापूस वेचणीच्या हंगामात चौथ्या ते सातव्या महिन्यात असते. पाठीला ओटी बांधून दिवसभर वाकण्याचे ते दिवस आणि रक्ताची गरज वाढण्याचे दिवस एकच असतात. गर्भ मातेच्या आहारावर जगतो, हे सुत्तवचन अशा स्त्रीस ऐकविताना तिच्या ताटात काय आहे, हे पाहण्याचे उत्तरदायित्व ऐकविणाऱ्यावरही येते.

विदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार अपरिहार्य आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार येथील आदिवासी आणि बौद्ध समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी दिसतो. म्हणून तपासणीवाचून हे कळत नाही. असे मूल जन्मले की मातेस दूषण दिले जाते किंवा ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हणून हात झटकले जातात. संयुत्त निकायातील सीवकसुत्त ह्यास स्पष्ट विरोध करते. मोळियसीवकास भगवान सांगतात की, वेदना पित्त, कफ, वात, ऋतुपालट, आघात अशा अनेक कारणांनी उत्पन्न होतात. जे काही भोगावे लागते ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच, असे म्हणणारे सत्याचे उल्लंघन करतात. बोधिसत्त्व बाबासाहेबांनीही पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा करताना, मूल आपली वैशिष्ट्ये मातापित्यांकडून घेते ह्या विज्ञानाच्या निष्कर्षाचा आधार घेतला. तेव्हा विवाह ठरविताना आणि गर्भारपणाच्या आरंभी दोघांनीही रक्त तपासून घेणे, हे आमच्या मते प्रतीत्यसमुत्पादाचेच आचरण होय. कारण जाणले तर उपाय करता येतो. पाप मानले तर केवळ रडणे उरते.

मातेचा भार एकट्या मातेचा नव्हे, हे बाबासाहेबांनी कायदेमंडळातही मांडले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकास पाठिंबा देताना, प्रसूतीपूर्वी व नंतर स्त्रीस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ चा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु कारखाना, खाण, दुकान ह्यांच्यासाठी घडलेल्या त्या कायद्यांच्या परिघाबाहेर शेतमजूर स्त्री राहिली. कापूस वेचणारीस रजा देणारा मालक नाही. ती बसली की मजुरी बुडते. ही उणीव शासनाने दूर केली पाहिजे, आणि ती दूर होईपर्यंत गावाने व विहाराने तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

अंगुलिमाल स्थविरांनी अडलेल्या स्त्रीस पाहिले, तेव्हा त्यांचे हृदय कळवळले. भगवंतांच्या सांगण्यावरून ते तिच्याकडे गेले आणि सत्यवचनाने तिचे मंगल चिंतिले. ते परित्त श्रीलंकेत आजही गर्भवतीसाठी म्हटले जाते. आमच्या विहारांतूनही ते अवश्य म्हणावे; त्याने मन स्थिर होते. पण स्थविर प्रथम तिच्यापर्यंत चालत गेले, हे विसरू नये. परित्त म्हणणाऱ्यांपैकी एकाने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने सोबत रुग्णालयात जावे.

महामाया माहेरी देवदहास निघाली, वाटेत लुंबिनीवनात प्रसूत झाली आणि परंपरेनुसार सातव्या दिवशी कालवश झाली. जगास बुद्ध देणाऱ्या मातेस बाळंतपणानंतर एक आठवडाच लाभला. म्हणून प्रसूती सुखरूप झाली की काळजी संपली, असे समजू नये. ताप, अतिरिक्त रक्तस्राव, अशक्तपणा ह्यांवर घरच्यांनी त्यानंतरही लक्ष ठेवावे. ज्या विहारात महामायेचा वृत्तान्त वाचला जातो, त्या विहाराच्या परिसरातील प्रत्येक गर्भवतीची नोंद, तिची रक्ततपासणी आणि तिचे दोन वेळचे पोटभर जेवण ह्यांची विचारपूस उपासक-उपासिकांनी करावी. वर्षावासातील वाचनाची ती खरी सांगता ठरेल.