बिऱ्हाडाला चाके

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण भाडेकऱ्याला लावतो, बदलीवाल्या नोकरदाराला लावतो. पण ती खरी शोभते शिपायाच्या बायकोला. मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. इथे घरटी एक माणूस पलटणीत, अशीही गावे आहेत. वर्गातल्या मुलाला वडिलांचा पत्ता विचारावा, तर गावाचे नाव येत नाही. 'मार्फत 56 ए.पी.ओ.' असे उत्तर येते. आई मात्र गावातच असते. नवऱ्यामागे जावे की घर धरून राहावे, हा तिचा प्रश्न. दूर अमेरिकेतल्या लष्करी जोडप्यांपुढेही तो होता. त्यांतल्या काहींनी त्याचे उत्तर असे काढले, की घरालाच चाके लावली. ती चाके कशी लागत गेली, त्याची ही हकीगत.

1874 साली मार्था समरहेज नावाची मुलगी एका सेकंड लेफ्टनंटशी लग्न करून वायोमिंगमधल्या लष्करी ठाण्यावर राहायला आली. नँटुकेट बेटावर वाढलेली, जर्मनीत राहून आलेली. तिथल्या सेनापतीच्या घरचा थाट पाहून तिला वाटले, फौजेतला संसार म्हणजे हाच! इथे आल्यावर कळले, की लेफ्टनंटाला सरकारी हिशेबाने एक खोली आणि एक स्वयंपाकघर. बायको त्या हिशेबात धरलेलीच नव्हती. जागा नवऱ्याच्या हुद्द्याला मिळे, कुटुंबाला नव्हे. पुढे वृद्धपणी, 1908 साली, तिने 'व्हॅनिश्ड ॲरिझोना' हे आठवणींचे पुस्तक लिहिले, त्यात हे सारे आले आहे. पुस्तक मिळाले तर अवश्य वाचावे. बाई रडगाणे गात नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

त्या काळच्या ठाण्यांवर आणखी एक चाल होती. वरच्या हुद्द्याचा अधिकारी बदलून आला, की तो आपल्याहून खालच्याचे घर मागून घेऊ शकत असे. मग घर गेलेला आपल्याहून खालच्याकडे जाई, तो त्याच्याहून खालच्याकडे. उभ्या विटांची रांग एका टोकाने ढकलावी तशी एका बदलीने पाच-सहा बिऱ्हाडे हलत. आज लावलेला पडदा उद्या आपला राहील याची शाश्वती नसे. लेकुरवाळ्या बाईने ते कसे सोसले असेल, ते आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको.

अशा बाईचे त्यातल्या त्यात हक्काचे घर कोणते? गंमत अशी, की ते बहुधा गाडीच असे. खेचरे जोडलेली, कनाती छताची ती गाडी. तिला म्हणत 'ॲम्ब्युलन्स'. नाव दवाखान्याचे, पण अधिकाऱ्यांची कुटुंबे तीतूनच प्रवास करीत. मार्थाबाई ॲरिझोनाचे वाळवंट तीतूनच तुडवून कँप अपाचीला पोचल्या. तिथे 1875 च्या जानेवारीत त्यांना मुलगा झाला, आणि काही आठवड्यांचे ते तान्हे घेऊन त्या पुन्हा त्याच तऱ्हेच्या गाडीत बसल्या.

पण गाडीचे घर करण्याची हौस पाहायची, तर त्याआधी दहा वर्षे मागे जायला हवे. 1865 साली जनरल जॉर्ज कस्टर फौज घेऊन लुइझियानातून टेक्सासला निघाला. पत्नी एलिझाबेथ, म्हणजे लिबी, बरोबर येणारच म्हणून हटून बसलेली. त्याने तिच्यासाठी एक ॲम्ब्युलन्स खास सजवून घेतली. बाके खाली पाडली की बिछाना व्हावा, अशी सोय. पाण्याच्या भांड्याला चामड्याचे आवरण, आणि त्यावर फौजेच्या जिनगराने टाके घालून काढलेले 'लेडी कस्टर' हे नाव. मला तर हे वाचताना त्या अनाम जिनगराचेच कौतुक वाटले. बाईची मोजदाद नसलेल्या फौजेत तिचे नाव कुठेतरी लिहिले गेले, ते त्याच्या दाभणाने.

25 जून 1876 रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मारला गेला. लिबी तेव्हा फोर्ट लिंकनच्या सरकारी घरात होती. नवरा गेला तसे घरही गेले. थोड्याच आठवड्यांत ती आणि तिच्यासारख्या इतर विधवा ठाणे सोडून निघाल्या. त्यानंतर ती 1933 पर्यंत जगली, सत्तावन्न वर्षे! आज तिथला नियम माणुसकीचा आहे: सेवेत असताना माणूस गेला, तर कुटुंबाला 365 दिवस घर किंवा घरभाडे मिळते.

विसाव्या शतकात खेचरे गेली, मोटार आली. डेट्रॉइटजवळ आर्थर शर्मन नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने 1929 च्या सुमारास मोटारीमागे ओढायचे घर बनवले. त्याला नाव दिले जुन्या वसाहतवाल्यांच्या गाडीचे, 'कव्हर्ड वॅगन'. वॉली बायमने 1936 मध्ये ॲल्युमिनियमचे चकचकीत 'क्लिपर' काढले. ही सारी सुटीतली चैन होती. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांभोवतीच्या गावांत खोली मिळेना, तेव्हा हीच चैन गरज झाली. सरकारनेच हजारोंनी ट्रेलर विकत घेऊन युद्धकामगारांना दिले. युद्ध संपले तरी लष्करी कुटुंबांना घरे पुरेनात. 1949 चा व्हेरी कायदा आणि 1955 चा केपहार्ट कायदा त्यासाठीच करावा लागला.

याच सुमारास एक फाटा फुटला. तोपर्यंत ट्रेलर आठ फूट रुंद असे, कारण रस्त्याचा नियमच तसा. 1954 मध्ये विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रेने दहा फुटी घर बाजारात आणले. दोन फुटांनी संसार ऐसपैस झाला, पण असे घर हलवायला खास परवाना लागू लागला. मग ते हलेचना. त्याला म्हणतात 'मोबाइल होम', आणि ते असते एका जागी खिळलेले! जे अरुंद राहिले तेच रस्त्यावर राहिले. आजचे 'आर. व्ही.' ते हेच.

हुकूम आला की निघावे लागणाऱ्या जोडप्याला अर्थातच हे दुसरे हवे. माझा एक जुना विद्यार्थी टेक्सासमध्ये नोकरीला आहे. त्याच्या शेजारचे एक लष्करी जोडपे असे घर शोधत होते. तो मला त्यांचा शोध कळवत राहिला, आणि मी मार्थाबाईंशी ताडून पाहत राहिले. सामानाच्या वजनाची मर्यादा आजही हुद्द्यावर आहे. सार्जंट एकटा असेल तर बदलीत 7,000 पौंड सामान सरकारी खर्चाने जाते. कुटुंब असेल तर 9,000. म्हणजे बायको अखेर हिशेबात आली म्हणायची, 2,000 पौंडांनी!

त्यांच्यापुढे तीन तऱ्हा होत्या. पहिली, इंजिनासकट घर, मोटारहोम. चालवायला सोपे; पण इंजिन बिघडले की अख्खा संसार गॅरेजात जातो. दुसरी, 'फिफ्थ व्हील': ट्रकच्या हौद्यात पुढचे टोक टेकवून ओढायचे. आत उंची भरपूर, चाल स्थिर. मात्र वजनाचा पाचवा हिस्साभर ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणून ट्रक दांडगाच लागतो. तिसरी, मागे आकड्याला जोडायचा साधा ट्रेलर. नवऱ्याला फिफ्थ व्हीलची मोठी बैठक आवडली होती. विक्रेते दाखवतातही तेच: बैठक, भिंतीवरचा टीव्ही, खोटी शेकोटी. दारावरची वजनाची पाटी कोणी दाखवत नाही. कारखान्यातून निघालेल्या घरात भांडी, पाणी, पुस्तके भरली म्हणजे ती मर्यादा उरते किती, हे आपणच पाहायचे. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून पोटाखाली ऊब आहे का, तेही. आणि बारमाही राहणार म्हटले, की कित्येक कारखाने हमी नाकारतात. विमाही वेगळा काढावा लागतो. जर्मनीची किंवा जपानची बदली आली तर घर मागे ठेवायचे की विकायचे, हाही घोर असतोच.

बायकोने मात्र एकच प्रश्न धरून ठेवला. नवरा मोहिमेवर सहा-नऊ महिने गेला, आणि वादळाची सूचना आली किंवा तळावरच्या जागेची मुदत संपली, तर हे घर कोण हलवणार? विक्रेता म्हणाला, कोणालाही बोलवा. तिने मान हलवली. शेवटी त्यांनी सव्वीस फुटी साधा ट्रेलर पसंत केला. बैठक लहान, शेकोटी नाही. पैसे देण्याआधी तिने दुकानामागच्या आवारात तो स्वतः ट्रकला जोडला, पुढे नेला आणि दोन खांबांमध्ये मागे घेऊन लावला. दुसऱ्या खेपेला चाक जरा वाकडे गेले, म्हणून तिसऱ्यांदा लावला. आणि मग सही केली.