सर्व्हरच्या फाइलीतल्या जुन्या ओळी

चाकण, खेड, मावळ या भागात ज्यांची जमीन आहे (किंवा एमआयडीसीत गेली आहे), त्यांना सातबाऱ्यावरचा 'एकुमॅ' हा शेरा ठाऊक असेल. एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंब एकत्र, म्हणून कर्त्या माणसाचे नाव लावायचे आणि त्याच्यापुढे हा शेरा. नंतर कुटुंब विभागले, कर्ता माणूस गेला, शेजारी कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, तरी शेरा आपला तिथेच! बरे, तो काढायचा तर नुसती रेघ मारून भागत नाही. त्या तीन अक्षरांच्या आड कोणकोण भाऊबहिणी होत्या ते आधी शोधावे लागते, त्यांची नावे लावावी लागतात. नाहीतर शेऱ्याबरोबर माणसांचा हक्कही पुसला जातो. २०२५ साली महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, तीही मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठीच.

मंडळी, आज मला लिहायचे आहे ते मात्र जमिनीबद्दल नाही, संगणकाबद्दल. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा कुठेतरी दूर एक सर्व्हर ते पान आपल्याला पाठवत असतो. त्या सर्व्हरने कसे वागायचे हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. कोणत्या दारावर उभे राहायचे, कोणाला आत घ्यायचे, एका वेळी किती पाहुणे सांभाळायचे, पान कोणत्या लिपीचे आहे असे सांगायचे... एकेका ओळीत एकेक आज्ञा. ही फाइल म्हणजे सर्व्हरचा सातबाराच म्हणा ना!

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवला. संगणकशास्त्र माझा विषय नव्हे. पण माझा एक जुना विद्यार्थी चिंचवडला लहान कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. त्याने 'अपाची' या सर्व्हरची अशी एक फाइल मला छापून दिली आणि म्हणाला, "सर, हे तुमच्या विषयाचं आहे." त्याचे म्हणणे खरे होते. त्या फाइलीत एकाखाली एक असे काळाचे थर आहेत, आणि प्रत्येक थराला सन आहे.

सुरुवात होते १९९३ साली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅक्कूल या तरुणाने एक सर्व्हर लिहिला. १९९४ मध्ये तो संस्था सोडून गेला आणि काम थंडावले. पण सर्व्हर तर जगभर चालू होते. ते चालवणारे लोक आपापल्या दुरुस्त्या करत आणि ई-मेलने एकमेकांना पाठवत. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांतल्या आठ जणांनी एकत्र येऊन या दुरुस्त्या जोडायला घेतल्या आणि त्यातून अपाची जन्मला. वर्षभरात, एप्रिल १९९६ पर्यंत, तो जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर झाला होता.

नवे घर बांधले तरी जुन्या घराच्या चौकटी आल्याच. एनसीएसएच्या सर्व्हरच्या आज्ञा तीन वेगवेगळ्या फाइलींत असत, अपाचीनेही त्या तशाच ठेवल्या. कारण साधे होते. जुना सर्व्हर बदलून नवा बसवणाऱ्याला त्याच फाइली चालाव्यात! पुढे एकच फाइल ठेवण्याची पद्धत पडली, आणि २००२ साली आलेल्या २.० आवृत्तीत बाकीच्या दोन फाइलींचा पत्ता सांगणाऱ्या आज्ञा काढून टाकण्यात आल्या. त्याच वेळी 'पोर्ट', 'बाइंड ॲड्रेस' आणि 'सर्व्हर टाइप' या आज्ञाही गेल्या. पहिल्या दोघींचे काम 'लिसन' या एकाच आज्ञेकडे आले.

आता गंमत पाहा. जुन्या ओळी मेल्या तरी सगळ्या सारख्या वागत नाहीत. मला त्यांच्या तीन जाती दिसतात.

पहिली जात भांडखोर. २.० मध्ये 'पोर्ट' ही ओळ तशीच राहिली तर सर्व्हर चालूच होत नाही, ओळ क्रमांकासकट तक्रार करतो. त्रास होतो, पण धोका नाही.

दुसरी जात कुरकुर करणारी. एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे ठेवायची असली की पूर्वी 'नेम व्हर्च्युअल होस्ट' ही ओळ लिहावी लागे. २०१२ साली आलेल्या २.४ आवृत्तीत तिची गरज संपली. ती राहिली तर सर्व्हर एक सूचना नोंदवतो आणि पुढे जातो. अशी ओळ निर्धास्त काढावी.

तिसरी जात मात्र मुकी, आणि घात करते ती हीच. ओळ चालू असते, सर्व्हर तिचे ऐकत असतो, तक्रार कुठेच नसते, फक्त तिच्यामागचे कारण कधीच संपलेले असते.

याचा एक नमुना त्या छापील फाइलीतच आहे. १९९६-९७ च्या सुमाराला नेटस्केप २ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ ची एक चाचणी आवृत्ती या ब्राउझरांमध्ये दोष होते. एकदा जोडलेला संपर्क पुढच्या मागणीसाठी तसाच धरून ठेवायचा, हे त्यांना नीट जमत नसे. म्हणून अपाचीच्या फाइलीत खास त्यांच्या नावाने सवलत लिहिली गेली. ते ब्राउझर इतिहासजमा झाले, तरी या ओळी वर्षानुवर्षे नव्या फाइलींत उतरत राहिल्या. त्या बिचाऱ्या निरुपद्रवी. पण सुरक्षित जोडणीच्या भागात अशीच एक ओळ होती, ती इंटरनेट एक्सप्लोररच्या सरसकट सर्व आवृत्त्यांना लागू होई. दोष जुन्यांचा आणि शिक्षा नव्यांनाही! सुधारलेला ब्राउझर आला तरी त्याच्याशी प्रत्येक वेळी जोडणी तोडून नव्याने करायची. बरीच वर्षे गेल्यावर ती ओळ २ ते ५ या आवृत्त्यांपुरती मर्यादित केली गेली.

आकड्यांचेही असेच. 'मॅक्स क्लायंट्स' म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पाहुणे. (२.४ पासून तिचे नाव 'मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स' झाले आहे, जुने नावही चालते.) अपाचीच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र प्रोसेस लागते आणि ठरलेला आकडा २५६ असतो. समजा यंत्रात १ जीबी मेमरी आहे आणि एक प्रोसेस २५ एमबी खाते. हिशेब पाचवीतला पोरगाही करील, चाळीसच्या आसपासच मावतील, आणि बाकीच्या कामांना जागा ठेवायची तर त्याहूनही कमी. पण फाइलीत २५६ तसेच राहिले आणि सणासुदीला गर्दी झाली, तर सर्व्हर सगळ्यांना आत घेतो, मेमरी संपते, हार्ड डिस्कचा आधार घ्यावा लागतो आणि मग चाळीस जणांचेही काम होत नाही. आकडा कमी केला तर काही जण रांगेत थांबतात, पण दुकान चालू राहते.

पाहुण्याचे पान देऊन झाल्यावर तो आणखी काही मागतो का, याची किती सेकंद वाट पाहायची, हाही एक आकडा असतो. २.० मध्ये तो १५ होता, २.२ पासून ५ झाला. बँकेच्या खिडकीवर पैसे घेऊन झाले तरी पंधरा सेकंद खिडकी अडवून उभा राहणारा गृहस्थ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल! भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमधला सेटर हे चटकन समजेल. मशीन बदलले, माल बदलला की सेटिंगही पुन्हा करायचे असते.

आता आपल्या मराठीशी थेट संबंध असलेली ओळ.

देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली १९९१ साली, पहिल्याच आवृत्तीत, आणि तिची मांडणी 'इस्की' या भारतीय संकेतावर आधारलेली होती. पण घरोघरच्या संगणकात ते उतरायला वेळ लागला. तोवर मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. संगणकाच्या दृष्टीने तो रोमन मजकूरच असे, फॉन्टमधली चित्रे तेवढी देवनागरी. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आले. त्यात मंगल हा फॉन्ट होता. आता मराठी खऱ्या अर्थाने मराठी म्हणून लिहिता येणार होते.

नेमक्या त्याच महिन्यात अमेरिकेतल्या 'सर्ट' या सुरक्षा संस्थेने एक इशारा दिला. पान कोणत्या लिपीसंकेतात आहे हे सर्व्हरने सांगितले नाही तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो, आणि त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पानात घातक मजकूर घुसवता येतो. यावर उपाय म्हणून अपाचीने त्याच महिन्यात 'ॲड डिफॉल्ट कॅरसेट' ही आज्ञा आणली. पानाचा संकेत सांगितलेला नसेल तर सर्व्हरने हा सांगावा. आणि २.० च्या सोबत येणाऱ्या फाइलीत ही ओळ चालू करून दिलेली होती. संकेत कोणता? आयएसओ-८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांचा!

पानाच्या आत यूटीएफ-८ असे स्वच्छ लिहिलेले असले, तरी सर्व्हरचा शब्द पानाच्या शब्दाहून वरचा, असा नियम आहे. म्हणजे झाले काय, की जुन्या फॉन्टवाल्या पानांना या ओळीचा त्रास नव्हता, कारण ती रोमनच्याच वेषात होती. मराठी म्हणून उभी राहिलेली नवी पाने मात्र विद्रूप झाली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक अक्षर तीन बाइटांचे असते. त्या प्रत्येक बाइटाचे वेगळे चिन्ह होऊन 'म' च्या जागी तिरक्या रेघेचा रोमन ए, चलनाचे चिन्ह आणि आणखी एक वर्तुळातले अक्षर असा कचरा दिसे. लिहिणाऱ्याला वाटे आपल्या फॉन्टचे काही चुकले. वाचणाऱ्याला वाटे मराठी हे संगणकावर असेच असते. दोष एका ओळीत होता, आणि ती ओळ दोघांनाही दिसत नव्हती.

काही वर्षांनी अपाचीच्या मंडळींनी सोबतच्या फाइलीतून ती ओळ काढली. सगळ्या संकेतस्थळाला एकच संकेत ठोकण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त, हे त्यांनीच नोंदवले. पण जुन्या फाइली ज्यांनी तशाच पुढे नेल्या, त्यांच्याकडे ती राहिलीच.

आणि इथेच खरा धडा आहे. ओळ चुकीची ठरली, पण तिच्यामागचे कारण चुकीचे नव्हते. ब्राउझरला अंदाज बांधू देऊ नये, हे २००० साली खरे होते आणि आजही खरे आहे. म्हणून ओळ नुसती खोडली तर मराठी दिसेल, पण जी पाने आपला संकेत सांगतच नाहीत त्यांच्यासाठी २००० सालचा धोका परत येईल. बरोबर काम म्हणजे ती काढायची आणि प्रत्येक पानाचा खरा संकेत, आपल्यापुरता यूटीएफ-८, स्पष्ट सांगायचा. एकुमॅसारखेच की! शेरा जावा, पण त्याच्या आडचा हक्क नोंदून.

प्रवेशाच्या ओळींनाही हेच लागू. २.४ मध्ये 'अलाउ' आणि 'डिनाय' या जुन्या आज्ञांच्या जागी 'रिक्वायर' आली. जुने दिसते म्हणून 'डिनाय' ची ओळ पुसली आणि नवी लिहिली नाही, तर बंद असलेले दार उघडे राहते, आणि सर्व्हर चकार शब्द काढत नाही.

चाकणच्या वाहन कारखान्यांत जपानी 'फाइव्ह एस' पद्धत असते. तिची पहिलीच पायरी म्हणजे नको असलेल्या वस्तू वेगळ्या करणे. पण संशयित वस्तू लगेच भंगारात जात नाही. तिला लाल टॅग लावतात, तारीख टाकतात, बाजूला ठेवतात. कोणी मागायला आले नाही की मग ती जाते. सर्व्हरच्या फाइलीत हा लाल टॅग म्हणजे ओळीच्या आधी टाकलेले खुणेचे चिन्ह. ते टाकले की सर्व्हर ती ओळ वाचत नाही, माणूस मात्र वाचू शकतो. शेजारी तारीख आणि कारण लिहावे. मग फाइल तपासण्याची आज्ञा द्यावी, सर्व्हर पुन्हा सुरू करावा, नोंदवही काही दिवस पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे बिघडलेच तर कशाने बिघडले ते कळते.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सुचवले, की नवी ओळ लिहिताना तिच्यावर एक वाक्य मराठीत लिही: ही ओळ कशासाठी, आणि कधीपर्यंत. तो आता तसे लिहितो. उद्या त्याच्या जागी बसणाऱ्याला इतिहास उकरत बसावे लागणार नाही.