कागदच का जाळले? सुपे १८७५ आणि कराराच्या कायद्याची परिभाषा

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे हे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतील कुणबी तेथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटले गेले, आगही लावली गेली. परंतु जमावाची मुख्य मागणी वेगळीच होती : ‘आमची खते बाहेर काढा.’ #धागा

२/ हाती आलेले कर्जरोखे आणि वह्या जाळण्यात आल्या. हे लोण लवकरच अहमदनगर जिल्ह्यात पोचले. तिसांहून अधिक गावांत असे प्रकार घडले आणि ९५१ जणांना अटक झाली. मात्र सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले, तेथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. ‘दख्खनचे दंगे’ ते हेच.

३/ संतापलेल्या जमावाचा रोख माणसावर नसून कागदावर का होता? याचे उत्तर वाणिज्य आणि विधी शाखेचे विद्यार्थी पहिल्या वर्षी पाठ करतात त्या संज्ञांमध्ये दडलेले आहे. करार, प्रतिफल, संमती, शून्यकरणीय, मुदत, हुकूमनामा. या संज्ञा एकेक करून सुप्याच्या संदर्भात पाहू.

४/ करार. भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला, म्हणजे दंग्याच्या अवघी तीन वर्षे आधी. कलम १० नुसार कायद्याने बंधनकारक करारास चार गोष्टी मुख्यत्वे लागतात : करार करण्यास पात्र पक्ष, त्यांची स्वतंत्र संमती, कायदेशीर प्रतिफल आणि कायदेशीर उद्देश.

५/ प्रतिफल. वचनाच्या बदल्यात दुसऱ्या पक्षाने जे द्यायचे, करायचे किंवा करण्याचे टाळायचे, ते प्रतिफल. कर्जाच्या व्यवहारात सावकाराने दिलेली रक्कम हे प्रतिफल होय. शेतकऱ्यांची तक्रार अशी की, हातात पडते त्याहून अधिक रक्कम खतात लिहिली जाते. पण ‘रोख भरून पावलो’ अशी कबुली कागदावर असली की ती खोटी ठरविण्याचे ओझे ऋणकोवर येई.

६/ संमती. कलम १३ म्हणते की, दोन्ही पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा संमती घडते. आता त्या काळचे खत डोळ्यांसमोर आणा. मजकूर सावकाराचा किंवा त्याच्या लेखकाचा. कुणब्याला अक्षरओळख नाही. सहीच्या जागी नांगराची आकृती आणि शेजारी ‘निशाणी नांगर’ हे शब्द. निशाणी त्याची खरी. पण वरच्या मजकुराचा अर्थ दोघांच्या मनात एकच होता काय?

७/ स्वतंत्र संमती. कलम १४ नुसार जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, कपट, दिशाभूल करणारे निवेदन किंवा चूक यांमुळे मिळालेली संमती स्वतंत्र नसते. हे वाचल्यावर वाटते की, कुणब्याला संरक्षण होतेच की! कायद्याच्या पुस्तकात ते होते. मग ते त्याच्यापर्यंत का पोचले नाही, हे समजण्यासाठी पुढची संज्ञा पाहावी लागते.

८/ शून्य आणि शून्यकरणीय. शून्य करार कायद्याच्या दृष्टीने अंमलात आणताच येत नाही. शून्यकरणीय करार मात्र पीडित पक्षाने नाकारीपर्यंत वैध राहतो. कपटाने किंवा जबरदस्तीने घडलेला करार दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणजे फसवणूक झालेल्यानेच पुढे येऊन ‘मी फसवलो गेलो’ असे म्हणावयाचे आणि ते सिद्धही करावयाचे.

९/ एकतर्फी हुकूमनामा. प्रतिवादी हजर नसेल तर न्यायालय वादीचे ऐकून निकाल देऊ शकते. न्यायालय दूर, वकिलाला पैसा नाही, समन्स समजले नाही किंवा पोचलेच नाही, हंगाम सोडून जाण्याची सोय नाही. कर्जाचे कितीतरी दावे असे एकतर्फीच निकाली निघत. जो बचाव मांडायला कोणी उभाच नाही, त्याचा विचार होणार कसा?

१०/ हुकूमनामा झाला की त्याची अंमलबजावणी. जमीन जप्त होई, ऋणकोला दिवाणी तुरुंगातही धाडता येई. अनेकदा सावकार हुकूमनामा हाती ठेवून केवळ त्याच्या धाकाने शेतकऱ्याकडून धान्य किंवा श्रम वसूल करी.

११/ मुदत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करणे आवश्यक झाले. जुनी कर्जे पिढ्यान्‌पिढ्या उकरली जाऊ नयेत, हा हेतू चांगला होता. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार दाव्याचा धाक घालून नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून दाखल होई.

१२/ समजण्यासाठी एक कल्पित हिशेब करू. मुद्दल १०० रुपये, व्याज दरमहा शेकडा २. तीन वर्षांचे व्याज ७२, म्हणून नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६. नऊ वर्षे भरता सुमारे ५०९. मधल्या काळात शेतकऱ्याने एक रुपयाही नव्याने घेतलेला नाही.

१३/ येथे दामदुपटाचा नियम आठवेल. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातील जुना दंडक. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीतही असत. परंतु नव्या खतात व्याजच मुद्दल झाले की नियम मोजणार कशावरून? १८५५ मध्ये व्याजदरावरील कायदेशीर मर्यादाही उठलेली होती.

१४/ कर्ज वाढण्याची कारणे मात्र खतापलीकडची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास फेरआकारणीने शेतसारा वाढला, आणि सारा तर रोखीत भरायचा. सावकाराने हात आखडता घेतला, वसुली मात्र सुरू ठेवली.

१५/ सावकाराला केवळ खलनायक ठरविणे हा सोपा इतिहास होईल. बियाण्याला, साऱ्याला, अवर्षणात पोटाला त्याच्याशिवाय दुसरे दार नव्हते. शिवाय रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर वळला. स्थानिक सावकार बरेचसे वाचले. त्या संतापात ‘बाहेरचा’ ही भावनाही मिसळलेली होती, हे नाकारता येत नाही.

१६/ आता मूळ प्रश्नाकडे. न्यायालयात कुणब्याचा शब्द आणि सावकाराचे खत समोरासमोर आले तर खत जिंकत असे. कर्जाचा पुरावा, संमतीचा पुरावा, प्रतिफल मिळाल्याचा पुरावा, सारे एकाच कागदात. कागद नाहीसा केला की दाव्याचा कणाच मोडतो, हे निरक्षर शेतकऱ्याने अनुभवाने नेमके ओळखले होते. त्याला कायदा कळत नव्हता, असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे आहे.

१७/ सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. न्यायालयाने खतावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, असे त्याने सांगितले.

१८/ आणखी तरतुदी पाहा. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत. प्रतिवादीला साक्षीसाठी बोलवावे. परतफेडीची पावती द्यावी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक होऊ नये. दाव्याची मुदत वाढवावी. क्रमांक ५ ते ११ पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर येथे एकेक उपाय आढळेल.

१९/ महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. तरीही कायदा सर्वसमर्थ नव्हता. कर्जरोख्यावर नियंत्रण आले तेव्हा काही सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कागदाचे नाव बदलले, व्यवहार तोच राहिला.

२०/ १८९९ मध्ये करार कायद्याचे कलम १६ सुधारण्यात आले. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असेल आणि सौदा उघडउघड अन्याय्य दिसत असेल, तर गैरवाजवी प्रभाव नव्हता हे त्या वरचढ पक्षाने सिद्ध करावयाचे. सुप्याच्या शेतकऱ्यावर असलेले ओझे अशा प्रसंगी आता दुसऱ्या खांद्यावर गेले.

२१/ परीक्षेसाठी ‘स्वतंत्र संमती’ची व्याख्या पाठ करणाऱ्यांनी नांगराची ती निशाणी एकदा आठवावी. आणि मोबाइलवरील कर्जाच्या अटी न वाचता ‘मान्य आहे’वर बोट ठेवताना आपणही आठवावी. आपल्याला अक्षरे वाचता येतात, एवढा फरक आहे. त्याचा उपयोग करणे आपल्या हाती आहे. (समाप्त)