वरच्या मजल्यावरची जमीन

वैशाखात अमळनेरच्या शिवारातली काळी जमीन भेगाळते. पारा ४५ अंशांना टेकतो, बोरीच्या पात्रात वाळूच उरते आणि शेतातल्या भेगांत हात सहज आत जातो. काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. सुकली की ही वाट बंद होत जाते, आणि तिच्या खालचा मुरूम व काळा पाषाण तर विजेला फारसा थारा देतच नाहीत. म्हणून आपल्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, उन्हाळ्यात वरून बादलीभर पाणी ओततात. ही सगळी खटपट शॉक बसू नये म्हणून असते. हौशी रेडिओवाल्याला, म्हणजे हॅमला, जमीन हवी असते ती वेगळ्या कामासाठी. ज्याचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे, ज्याला गच्चीवर काठी उभारायची परवानगी नाही आणि ज्याची अँटेना खोलीतच कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये उभी आहे, त्याला तर ती स्वतःच्या हाताने तयार करावी लागते. पत्रा, जाळी, तारेचे तुकडे यांतून होणाऱ्या या जमिनीला हॅम मंडळी ग्राउंड प्लेन म्हणतात. ती जुगाड म्हणून हिणवली जाते, पण तिचे कुळ शंभर वर्षांहून जुने आणि चांगले खानदानी आहे.

आधी तिचे काम समजून घेऊ. सगळ्यांत साधी अँटेना म्हणजे तरंगलांबीच्या पावपट उंचीची उभी तार. मेगाहर्ट्झमधल्या आकड्याने साधारण ७१.५ ला भागले की ही उंची मीटरमध्ये मिळते: ७.१ मेगाहर्ट्झला १० मीटर, २८.५ ला अडीच मीटर, १४५ ला जेमतेम ४९ सेंटिमीटर. पण ही तार म्हणजे अर्धीच अँटेना. ट्रान्समीटर तिच्यात जेवढा प्रवाह लोटतो, तेवढाच प्रवाह त्याला दुसऱ्या बाजूने कुठून तरी ओढून घ्यावा लागतो. जात्याची वरची पाळ फिरताना दिसते, पण खाली तळी नसेल तर पीठ पडत नाही, तसे हे आहे. ही तळी म्हणून काय वापरायचे, याच प्रश्नावर रेडिओच्या सुरुवातीच्या काळात दोन घराणी झाली.

पहिले घराणे धरणीचे. त्याचे मूळ रेडिओच्याही आधीचे, तारायंत्रातले. १८३८ मध्ये म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी दाखवून दिले की तारायंत्राला परतीची तार लागत नाही. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले की जमीनच परतीची वाट होते. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यांनी आपल्या प्रयोगाच्या तारायंत्रात हुगळी नदीचे पाणी वाहक म्हणून वापरले. तारेचा निम्मा खर्च वाचवणारी ही युक्ती तारखात्यांनी उचलली, आणि जमिनीत पत्रा पुरणे ही विजेच्या माणसाची सवयच झाली.

मार्कोनी याच सवयीत वाढला. १८९५ मध्ये इटलीत घरच्या आवारात प्रयोग करताना त्याने ठिणगीयंत्राचे एक टोक जमिनीत नेले आणि दुसरे काठीवर चढवले. काठीवर काय होते, तर पत्र्याचे चौकोनी डबे. त्याचे आकडे मला फार बोलके वाटतात. ३० सेंटिमीटर बाजूचा डबा २ मीटर उंच काठीवर असताना संदेश ३० मीटर गेला. काठी ४ मीटर केल्यावर १०० मीटर. ८ मीटर केल्यावर ४०० मीटर. मग त्याच ८ मीटर उंचीवर मीटरभर बाजूचा डबा लावला आणि पल्ला २४०० मीटरवर गेला. अमळनेरात हे वाचताना डोळ्यांपुढे तेलातुपाचा डबा येणारच. याच गावात डिसेंबर १९४५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सने, म्हणजे आजच्या विप्रोने, सनफ्लॉवर छापाच्या वनस्पती तुपाने आपला धंदा सुरू केला. इथल्या घरांत तुपातेलाचा रिकामा डबा फेकत नाहीत. धान्याला, पाण्याला, तुळशीला तो वापरला जातो. मार्कोनीचा ३० सेंटिमीटरचा डबा जवळपास त्याच्याच मापाचा.

मार्कोनीच्या यशामुळे जमिनीत पुरलेला पत्रा हा जणू नियम झाला. दुसरे घराणे मात्र त्याच काळात इंग्लंडात उभे राहत होते. ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ च्या आपल्या पेटंटात नेमक्या लहरीला जुळवून घेण्याची कल्पना मांडली. त्यांचे म्हणणे असे, की जमिनीचा स्पर्श झाला की विरोध वाढतो आणि जुळणी बोथट होते. तेव्हा वर एक वाहक पसरा, खाली दुसरा पसरा, आणि खालचाही जमिनीपासून वेगळा ठेवा. त्यांच्या आणि अलेक्झांडर मुरहेड यांच्या यंत्रणेत खालची तारांची जाळी जमिनीच्या वर, अधांतरी ताणलेली असे. १९०५ च्या सुमारास आपल्या तारखात्याने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळचे डायमंड बेट आणि अंदमानातले पोर्ट ब्लेअर बिनतारी जोडले, ते याच लॉज-मुरहेड पद्धतीने. या अधांतरी जाळीलाच पुढे काउंटरपॉइज म्हणू लागले. खडकाळ, कोरड्या जमिनीवरच्या केंद्रांना तिचाच आधार असे.

प्रसिद्धी मार्कोनीला मिळाली, लॉज मागे पडले. पण खोलीत अँटेना लावणारा प्रत्येक हॅम, त्याला माहीत असो वा नसो, लॉजच्या घराण्यातला आहे. त्याच्या बहुतेक अडचणी तो मार्कोनीच्या घराण्यात शिरू पाहतो म्हणून उभ्या राहतात, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही घराण्यांचा हिशेब मांडला तो अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या जॉर्ज ब्राउन यांनी. १९३७ मध्ये त्यांनी लुइस आणि एप्स्टाइन यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. उभ्या अँटेनाच्या पायथ्याशी चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा जमिनीत पुरून त्यांनी मोजमापे घेतली. आधी दोन तारा, मग १५, ३०, ६० आणि शेवटी ११३. तारा कमी असतील तर बरीचशी शक्ती माती तापवण्यात जाते, हे त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झाले. अमेरिकेत मध्यमलहरी केंद्रांना १२० तारांचा दंडक लागला त्यामागे हेच काम आहे. आपल्या जळगाव आकाशवाणीची ९६३ किलोहर्ट्झची लहर ३११ मीटर लांबीची. अशा लहरीच्या मनोऱ्यांना ही मातीतली आरी चुकत नाही.

याच ब्राउन यांनी उंचावरच्या अँटेनासाठी मात्र अगदी उलटा उपाय काढला. पोलिसांच्या रेडिओसाठी त्यांनी पावपट उंचीच्या उभ्या दांड्याच्या बुडाशी पावपट लांबीचे आडवे दांडे लावले आणि सगळे एका खांबावर चढवले. जमिनीपासून दूर गेल्यावर माती खायला उठत नाही, त्यामुळे शंभर तारांचे काम मोजके दांडे करतात. खरे तर दोनच पुरेसे होते. पण दोन दांडे पाहून गिऱ्हाईक म्हणेल, ही अँटेना चारी दिशांना कशी बोलणार? विक्री करणाऱ्यांच्या या शंकेपोटी दांडे चार झाले, आणि आजही बाजारात ग्राउंड प्लेन अँटेना बहुधा चार दांड्यांचीच मिळते. खोलीत चार तारांना जागा नाही म्हणून हळहळणाऱ्याने हा तपशील ध्यानात ठेवावा. समोरासमोरच्या दोन तारा चालतात.

मजल्यावरच्या बिऱ्हाडातून प्रक्षेपण करण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत धाडसी प्रसंग १९४२ चा. महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, सरकारने हॅम लोकांचे परवाने रद्द केले होते. तरी नरिमन प्रिंटर या हॅमकडच्या सामग्रीतून ट्रान्समीटर उभा राहिला आणि छोडो भारत चळवळीत २७ ऑगस्टला उषा मेहतांचा आवाज ४२.३४ मीटरवरून गुप्त काँग्रेस रेडिओ म्हणून बाहेर पडला. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्यामुळे यंत्र मुंबईत चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीतून लॅबर्नम रोडवरच्या अजित व्हिलात, तिथून सँडहर्स्ट रोडवरच्या लक्ष्मी भवनात, मग गिरगावात पारेखवाडीत असे हलत राहिले. १२ नोव्हेंबरला धाड पडली. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, आजच्या हॅमच्या ४० मीटर पट्ट्याच्या आतच. या लहरीची पावपट तार साधारण दहा मीटर भरते, आणि यंत्राचा मुक्काम दर थोड्या दिवसांनी बदलायचा. आज सुखाने परवाना घेऊन घरातून बोलणाऱ्याला त्या तरुणांच्या कष्टांची यावरून थोडी कल्पना यावी.

ऐकणाऱ्यांची गोष्ट सोपी होती. व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे दोन खुंट्या असत, एक एरियलची, एक अर्थची. घरात आढ्याखाली तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे, आणि अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली. खानदेशातल्या धाब्याच्या घरांत हे छान चाले, कारण लाकूड आणि कोरडी माती यांतून लहरी आत येतात. सळयांचा स्लॅब आणि पत्र्याचे छत आले तशी खोलीतली पट्टी मुकी होत गेली. पुढे लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचे आले, आणि नळाला अर्थ देण्याची पिढ्यांची सवय निरुपयोगी झाली.

आता दुसऱ्या मजल्यावर या. नवखा हॅम खिडकीतून जाड तार खाली सोडतो आणि अंगणात सळई ठोकून तिला बांधतो. तारेची लांबी भरते नऊ-दहा मीटर. ७ मेगाहर्ट्झवर ही पावपट लांबीच झाली. आणि पावपट लांबीच्या तारेचा स्वभाव असा, की तिचे खालचे टोक जमिनीला घट्ट जोडलेले असले तर वरच्या टोकाला ती जवळजवळ तुटल्यासारखी वागते. रिगच्या, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या, दृष्टीने अर्थ नाहीच. मग तळी शोधत निघालेला प्रवाह अँटेनाकडे जाणाऱ्या कोअॅक्स केबलच्या बाहेरच्या अंगावरून, मायक्रोफोनच्या वायरीवरून, घरातल्या वायरिंगवरून फिरतो. माइकला ओठ लागला की चटका बसतो आणि शेजारच्या स्पीकरमधून आपलाच आवाज घरघरतो. तार आणखी जाड करून हे बरे होत नाही.

लॉजचा उपाय करावा. १४५ मेगाहर्ट्झसाठी लोखंडी कपाटाचा माथा हा तयार ग्राउंड प्लेन आहे. गाडीच्या टपावर लावायची चुंबकाच्या बुडाची अँटेना त्यावर मधोमध ठेवावी. मधे रंगाचा थर असला तरी तेवढ्या पातळ अंतरातून हा प्रवाह पार होतो. कपाट नसेल तर मीटरभर रुंदीचा पत्रा घ्यावा. परात घ्यायची असेल तर आधी चुंबक लावून पाहावे, कारण स्टीलच्या बऱ्याच भांड्यांना चुंबक चिकटत नाही. दोन रिकामे डबे उलगडून, कडा घासून एकमेकांना डाख दिला तरी उत्तम काम होते. सलग पत्राच हवा असेही नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही तबकड्या बारीक तारांच्या जाळीच्याच आहेत. भोके लहरीच्या मानाने फार लहान असली की लहरीला ती दिसत नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी सतरंजीखाली अंथरली तर १४५ ला तिच्यात आणि पत्र्यात फरक उरत नाही. कूलरचे धड मोहात पाडते, आपल्याकडे तर ते घरोघरी आहे. पण त्यात पंपाचे पाणी आणि घरची वीज एकत्र आहेत. त्याला हात लावू नये.

खालच्या पट्ट्यांना एवढा पत्रा कुठून आणणार? तिथे तार हवी, आणि मापाची हवी. २८ मेगाहर्ट्झला अडीच-अडीच मीटरच्या दोन प्लास्टिक वेष्टनाच्या तारा भिंतीच्या बुडाशी उलट दिशांना सोडाव्यात. ७ मेगाहर्ट्झची १० मीटर तार खोलीच्या कडेकडेने वळवावी लागते. ती लांबीत चुकतेच, तेव्हा रिग आणि तार यांच्यामध्ये एक कॉइल आणि जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर घालून जुळवावी. कमी शक्तीला गँग पुरतो, जास्त शक्तीला त्याच्या पात्यांत ठिणगी पडते. या तारेच्या मोकळ्या टोकाला मोठा दाब असतो, म्हणून ते टोक नीट झाकून, पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. आणि ही जमीन फक्त लहरींसाठी. रिगच्या धडाला घराच्या अर्थिंगची हिरवी तार तिच्या जागी हवीच. एकीने दुसरीचे काम भागत नाही.

शेवटी मोजमाप. रिग आणि अँटेना यांची जुळणी दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा काटा एकाला एक आला की लोक खूश होतात. पण सपाट, चांगल्या ग्राउंड प्लेनवर पावपट अँटेनाचा विरोध ३६ ओहमच्या आसपास असतो. तळी खराब असेल आणि तिच्यात १४ ओहमचा तोटा असेल, तर बेरीज बरोबर ५० होते. काटा अगदी आदर्श, आणि २८ टक्के शक्ती फुकट. त्यामुळे काट्यावर विसंबू नये. कमी शक्तीवर कॅरिअर, म्हणजे आवाजाविना नुसती लहर, सोडावा आणि रिगच्या धडाला, मग कोअॅक्सला हात लावून पाहावा. हाताने काटा हलला तर तळी अपुरी आहे, आणि तुमचे शरीरच तिचा भाग झाले आहे. तेव्हा कोअॅक्सचे सहा-सात वेढे फेराइटच्या कड्यातून घ्यावेत, आणखी एक मापाची तार जोडावी, आणि पुन्हा हात लावावा. काटा जागचा हलेना झाला की रिगची शक्ती वाढवून पहिली हाक द्यायला हरकत नाही.